विश्लेषण : नंबरप्लेट बदलली, तिच्यावरच्या दिव्याचे काय? शहापूर-मुरबाडच्या अंधाऱ्या रस्त्यांवर पाच वॅटचा बल्ब का महत्त्वाचा?

२०२५ हे महाराष्ट्रातील वाहनधारकांसाठी नंबरप्लेटचे वर्ष ठरले. १ एप्रिल २०१९ पूर्वी नोंदणी झालेल्या प्रत्येक वाहनाला उच्च सुरक्षा नोंदणी पाटी, म्हणजेच एचएसआरपी, बसवण्याची सक्ती झाली. ३१ मार्चची पहिली मुदत पुढे सरकत सरकत ३१ डिसेंबरवर गेली. दुचाकी व ट्रॅक्टरला ४५० रुपये, तीनचाकीला ५०० आणि चारचाकी व इतर वाहनांना ७४५ रुपये अधिक जीएसटी असा दर ठरला. बुकिंग, रांगा, बनावट संकेतस्थळे, मुदतवाढ यांची चर्चा वर्षभर झाली. त्या पाटीवर उजेड टाकणाऱ्या बोटभर दिव्याची मात्र झाली नाही. मुंबई-नाशिक महामार्ग आणि माळशेज घाट यांच्या मधल्या शहापूर-मुरबाड पट्ट्यात रात्री एखादी गाडी कोणाला ठोकरून निघून गेली, तर घरच्यांना दोन लाख मिळणार की वीस-पंचवीस लाख, हे पुष्कळदा या दिव्यावर ठरू शकते. ते कसे, आणि नंबर हाती लागल्यावर त्यावरून कोणाला काय शोधता येते, याविषयी…

दिव्याबाबत नियम काय सांगतो?

केंद्रीय मोटार वाहन नियम १९८९ मधील नियम १०५ वाहनाच्या दिव्यांविषयी आहे. मागचे लाल दिवे १५५ मीटरवरून दिसले पाहिजेत, असे तो सांगतो. त्याच नियमात दुसरी अट आहे : मागच्या पाटीवर पांढरा प्रकाश पडला पाहिजे आणि त्या प्रकाशात संपूर्ण नंबर मागून १५ मीटर अंतरावरून वाचता आला पाहिजे. हे दिवे सूर्यास्तानंतर अर्ध्या तासापासून सूर्योदयाच्या अर्धा तास आधीपर्यंत लागायला हवेत. धुके किंवा पावसामुळे समोरचे नीट दिसत नसेल तर दिवसाही.

नियमात ‘पांढरा’ हा शब्द उगाच नाही. आपल्याकडे पाटीचा रंगही माहिती देतो. खासगी गाडीची पाटी पांढरी, भाडोत्री आणि मालवाहू वाहनाची पिवळी, विजेवर चालणाऱ्याची हिरवी. पिवळट उजेडात पांढरी आणि पिवळी पाटी सारखीच दिसते. पाटीभोवती निळ्या-लाल एलईडीची माळ लावली तर रंगही कळत नाही आणि आकडेही धड वाचता येत नाहीत.

दिवा बंद असल्याचा दंड किरकोळ आहे. कलम १७७ हे सर्वसाधारण कलम लागते. पहिल्या वेळी ५०० रुपयांपर्यंत, पुन्हा सापडल्यास १,५०० रुपयांपर्यंत. नाकाबंदीत हेल्मेट, परवाना, विमा, पीयूसी पाहिले जाते. गाडीच्या मागे जाऊन पाटीवरचा दिवा पेटतो का हे पाहणारा पोलीस विरळाच.

१५ मीटर म्हणजे नेमके किती?

एसटीच्या एका बसपेक्षा थोडे जास्त, चालणाऱ्याची साधारण वीस पावले. ताशी ६० किलोमीटर वेगाने जाणारी गाडी सेकंदाला १६.७ मीटर जाते. म्हणजे नियमाने हमी दिलेले अंतर ती एका सेकंदाच्या आत पार करते. ताशी ८० च्या वेगाला तर पाऊण सेकंदही मिळत नाही.

उजेड चांगला असेल तर डोळा याहून बराच पुढचे वाचतो. चारचाकीच्या पाटीवरील अक्षरांची उंची नियमानुसार ६५ मिलिमीटर असते. निरोगी डोळ्याच्या वाचनक्षमतेचे जे प्रमाण नेत्रतज्ज्ञ वापरतात, त्याने हिशेब केला तर एवढे अक्षर स्वच्छ उजेडात सुमारे ४५ मीटरवरून ओळखता यावे. ब्रिटनमध्ये वाहन परवान्याच्या परीक्षेत उमेदवाराला दिवसाउजेडी २० मीटरवरच्या गाडीचा नंबर वाचून दाखवावा लागतो. ताशी ६० च्या वेगाला ४५ मीटर म्हणजे २.७ सेकंद. तेवढ्यात चार आकडे डोक्यात बसतात. दिवा मिणमिणता असेल तर हा वेळ सेकंदावर येतो आणि दिवा बंद असेल, चंद्र नसेल, तर काहीच हाती लागत नाही. दुचाकीच्या मागच्या पाटीवरचे आकडे ४० मिलिमीटरचेच असतात. तिथे ही गणिते आणखी आखडतात.

नवी पाटी चमकते, मग दिवा कशाला?

हा प्रश्न रास्त आहे. एचएसआरपी ही ॲल्युमिनियमची पाटी असते. तिच्यावर प्रकाश परावर्तित करणारा थर असतो, डाव्या कोपऱ्यात क्रोमियमचा अशोकचक्राचा होलोग्राम, त्याखाली लेझरने कोरलेला कायमचा क्रमांक आणि निळ्या रंगात ‘इंड’ ही अक्षरे. एकदाच बसणाऱ्या स्नॅप लॉकमुळे ती काढून दुसऱ्या गाडीला लावता येत नाही. रात्री मागच्या गाडीच्या हेडलाइटमध्ये ती लख्ख दिसते.

मात्र हा थर आरशासारखा वागत नाही आणि दिव्यासारखाही नाही. प्रकाश ज्या दिशेने आला त्याच दिशेला तो परत पाठवतो. म्हणून हेडलाइटच्या जवळ डोळे असलेल्या मागच्या चालकाला पाटी उजळलेली दिसते. कॅमेऱ्यालाही दिसते, कारण त्याच्या शेजारीच त्याचा स्वतःचा इन्फ्रारेड दिवा बसवलेला असतो. मुंबई-पुणे द्रुतगती मार्गावर २०२४ मध्ये सुरू झालेल्या वाहतूक व्यवस्थापन यंत्रणेसारखे कॅमेरे याच तत्त्वावर रात्री नंबर टिपतात.

रस्त्याच्या कडेला उभ्या असलेल्या माणसाकडे मात्र हेडलाइटही नसतो आणि इन्फ्रारेड दिवाही. त्याच्या डोळ्याकडे प्रकाश पाठवायला पाटीकडे मुळात काही आलेलेच नसते. मोबाइलचा टॉर्च डोळ्याजवळ धरला तर जवळची पाटी चमकेल, पण पळणाऱ्या गाडीच्या मागे एवढे सुचणार कोणाला? नव्या पाटीने कॅमेऱ्याची आणि मागच्या चालकाची सोय केली. पायी चालणाऱ्या साक्षीदाराची सोय अजूनही त्या जुन्या बल्बकडेच आहे.

शहापूर-मुरबाडमध्ये हा फरक जास्त का जाणवतो?

ठाणे जिल्ह्याच्या शहरी भागात चौकाचौकांत कॅमेरे आहेत. दुकानांचे, सोसायट्यांचे, पेट्रोल पंपांचे. या दोन तालुक्यांत गावाची वेस ओलांडली की पथदिवे संपतात आणि कॅमेरेही. वाहतूक मात्र गावची नाही. मुंबई-नाशिक महामार्ग वासिंद, आसनगाव, आटगाव, खर्डीवरून कसारा घाटात चढतो. कल्याणहून निघालेला महामार्ग मुरबाड, सरळगाव, टोकावडे करत माळशेज घाटाने अहिल्यानगरकडे जातो. शहापूर-मुरबाड-कर्जत-खोपोली हा राष्ट्रीय महामार्ग ५४८अ या दोहोंना जोडतो. ५ जून २०२५ रोजी समृद्धी महामार्गाचा इगतपुरी ते आमणे हा ७६ किलोमीटरचा शेवटचा टप्पा खुला झाला. तोही शहापूर तालुक्यातूनच जातो. भिवंडीच्या गोदामांचे ट्रक, नाशिकचा भाजीपाला, जुन्नर-आळेफाट्याकडचे टेम्पो, शनिवार-रविवारी माळशेजला निघालेली मुंबईची मंडळी, सगळ्यांची रात्र याच रस्त्यांवर.

आणि याच रस्त्यांच्या कडेने माणसे चालतात. कसारा लोकलमधून उशिरा उतरून पाड्यावर परतणारे, वीटभट्टीवरचे मजूर, बंद पडलेल्या टेम्पोचे चाक बदलणारे. मुरबाडला रेल्वे नाही, म्हणून तिथली सगळीच ये-जा रस्त्याने. रामनवमीच्या आधी आणि वर्षअखेरीस मुंबईहून शिर्डीला निघालेल्या पालख्या पहाटेच्या अंधारात नाशिक महामार्गाच्या कडेने जातात. पौष पौर्णिमेला म्हसा यात्रेच्या दिवसांत बैल, गाड्या आणि माणसे रात्री-अपरात्री मुरबाडच्या रस्त्यांवर असतात. या सगळ्यांच्या बाबतीत काही घडले तर साक्षीदार हा बहुधा दुसरा पादचारीच असणार.

समृद्धीची गोष्ट थोडी वेगळी. त्यावर पादचाऱ्याला आणि दुचाकीला जागाच नाही, शिवाय आत-बाहेर पडणाऱ्या प्रत्येक गाडीची टोलवर नोंद होते. नाशिक महामार्गावरही शहापूरच्या अलीकडे पडघ्याचा टोलनाका आहे आणि पलीकडे घोटीचा. फास्टॅगच्या वेळेवरून त्या तासातल्या गाड्यांची यादी पोलिसांना काढता येते. किन्हवली, सरळगाव, डोळखांबच्या बाजूला वळलेली गाडी मात्र या जाळ्यातून निसटते.

दिवा जातो कसा, आणि चालकाला कळत का नाही?

बहुतेक मोटारींत हा दिवा १२ व्होल्टवर चालणारा पाच वॅटचा बल्ब असतो. घरातल्या सर्वांत लहान एलईडी दिव्याइतकी वीज तो खातो, म्हणजे अर्ध्या अँपिअरपेक्षा कमी. पार्किंग दिव्यांच्याच वायरीवर तो जोडलेला असतो, त्यामुळे मागचा लाल दिवा लागला की हाही लागायला हवा. दुचाकींत अनेकदा वेगळा बल्ब नसतोच. टेललाइटच्या तळाला ठेवलेल्या पारदर्शक काचेतून खाली पाटीवर उजेड पडतो. ती काच चिखलाने माखली किंवा लाल टेपने झाकली गेली की पाटी अंधारात.

बिघाडाच्या जागा ठरलेल्या आहेत. दिवा बंपरवर किंवा डिक्कीच्या दारावर, चाकांनी उडवलेल्या पाण्याच्या माऱ्यात असतो. होल्डर गंजतो, अर्थिंग सुटते. डिक्कीच्या दारात जाणारी वायर दार उघडताना-मिटताना रोज वाकते आणि काही वर्षांनी आतल्या आत तुटते. बाहेरून रबरी नळी शाबूत दिसते. शहापूर-मुरबाडचा चार महिन्यांचा पाऊस या सगळ्याला हातभार लावतो. ट्रॅक्टरच्या ट्रॉलीला तर मागे वायर जोडलेलीच नसण्याचे प्रमाण डोळ्यांना दिसण्याजोगे आहे.

बल्ब गेल्याची सूचना साध्या गाड्यांच्या डॅशबोर्डवर येत नाही. त्यात अलीकडच्या मोटारींत दिवसा पेटणारे पुढचे दिवे असतात. समोर उजेड दिसतो, मीटरही उजळलेला असतो, त्यामुळे चालकाला वाटते दिवे चालू आहेत. प्रत्यक्षात मुख्य बटण बंद असते आणि गाडीची मागची बाजू पूर्ण अंधारी. असा चालक नुसता नंबर लपवत नाही, मागून धडक बसण्याचीही तयारी करून ठेवतो.

तपासणी अर्ध्या मिनिटाची आहे. संध्याकाळी पार्किंग दिवे लावायचे आणि गाडीच्या मागे वीस पावलांवर जाऊन नंबर वाचायचा. वाचता आला नाही तर कोणत्याही ऑटो इलेक्ट्रिशियनकडे हे सर्वांत स्वस्त कामांपैकी एक.

‘दादा’ आणि ‘राम’ आता गेले का?

इंग्रजी आकड्यांतील ४१४१ वळणदार लिहून ‘दादा’, २१४ चे ‘राम’, ८०५५ चे ‘बॉस’ ही महाराष्ट्राची जुनी हौस. हे नंबर मिळवण्यासाठी आरटीओत जादा शुल्क भरले जाते, मग ते नंबर म्हणून वाचता येऊ नयेत याची काळजी घेतली जाते! नियम ५० आणि ५१ नुसार पाटीवर इंग्रजी अक्षरे, ठरावीक उंची, जाडी आणि अंतर एवढेच चालते. मराठी आकडे लिहिलेली पाटीही त्यात बसत नाही. एचएसआरपीचे साचे ठरलेले असल्याने नव्या पाटीवर ही कलाकुसर करता येत नाही, हा तिचा खरा फायदा. तरीही पाटीवर काळी काच बसवणे, मागच्या लोखंडी गार्डच्या आड ती जाणे, ट्रकच्या ताडपत्रीचा दोर तिच्यावर लोंबणे हे प्रकार पाटी कितीही सुरक्षित केली तरी होतच राहतात.

अर्धाच नंबर लक्षात राहिला तर?

गावाकडच्या साक्षीदाराला इंग्रजी अक्षरे पटकन वाचता येतीलच असे नाही. आकडे मात्र जवळपास सगळ्यांना येतात. योगायोगाने तपासाच्या दृष्टीने आकडेच जास्त मोलाचे आहेत.

या भागात सर्वाधिक दिसणाऱ्या मालिका म्हणजे कल्याणची एमएच ०५ आणि ठाण्याची एमएच ०४. कार्यालयाच्या क्रमांकानंतर एक किंवा दोन अक्षरे आणि मग चार आकडे. समजा, साक्षीदाराला एमएच ०५ आणि पुढची दोन अक्षरे आठवतात, पण आकडे नाहीत. अशा गाड्या ९,९९९ पर्यंत असू शकतात. उलट एमएच ०५ आणि शेवटचे चार आकडे आठवतात, अक्षरे नाहीत, असे धरले तर इंग्रजीतली सगळीच्या सगळी २६ अक्षरे वापरली तरी ७०२ हून जास्त मालिका होऊ शकत नाहीत. म्हणजे जास्तीत जास्त ७०२ गाड्या, आणि प्रत्यक्षात निघालेल्या मालिका त्याहून कमी. त्यात ‘पांढरा पिकअप, पिवळी पाटी’ एवढी भर पडली तर यादी हाताने तपासण्याइतकी छोटी होते. एखादा आकडा विसरला तर ती दहापट वाढते, तरीही पोलिसांच्या संगणकाला ती जड नाही.

म्हणून वेळ थोडा असेल तर नजर शेवटच्या चार आकड्यांवर ठेवावी, मग पाटीचा रंग, मग गाडीचा प्रकार. ट्रकच्या दोन्ही बाजूंना रंगाने लिहिलेला नंबर आणि मागच्या फळीवरचे नाव हेही उपयोगी पडतात. जे दिसले ते लगेच मोबाइलवर बोलून ठेवणे लिहिण्यापेक्षा सोपे.

नंबर टाकून कोणालाही मालकाचा पत्ता मिळतो का?

नाही, आणि तो मिळू नये हेच योग्य. देशातील वाहनांची नोंद ‘वाहन’ या मध्यवर्ती प्रणालीत असते. केंद्र सरकारचे एमपरिवहन ॲप किंवा परिवहन संकेतस्थळावर मोबाइल क्रमांकाने लॉगिन करून कोणत्याही गाडीचा नंबर टाकता येतो. नोंदणी कोणत्या कार्यालयात, कधी झाली, मॉडेल, इंधन, फिटनेस, विमा आणि पीयूसीची मुदत हे दिसते. मालकाच्या नावातील अक्षरे मात्र ताऱ्यांनी झाकलेली असतात. पत्ता आणि फोन दिसत नाही. जुनी गाडी घेणाऱ्याला एवढी माहिती पुरते. कर्जाचा बोजा आहे का, विमा कधी संपला, पाटीवरचा नंबर आणि समोरची गाडी एकाच मॉडेलची आहेत का, हे पाहूनच इसार द्यावा.

हे झाकणे पूर्वीपासून नव्हते. मार्च २०१९ मध्ये केंद्रीय रस्ते वाहतूक मंत्रालयाने वाहन आणि परवान्यांची माहिती घाऊक स्वरूपात विकण्याचे धोरण आणले. व्यापारी संस्थेला वर्षाला तीन कोटी रुपये असा दर होता. त्याच वर्षी जुलैमध्ये राज्यसभेत मंत्री नितीन गडकरी यांनी ८७ खासगी कंपन्या आणि ३२ सरकारी संस्थांना या माहितीसाठ्याचा वापर दिला असून त्यातून सुमारे ६५ कोटी रुपये मिळाल्याचे सांगितले. खासगीपणाच्या आक्षेपांनंतर जून २०२० मध्ये ते धोरण मागे घेतले गेले. खासगीपणा हा मूलभूत हक्क असल्याचा सर्वोच्च न्यायालयाच्या नऊ न्यायमूर्तींच्या पीठाचा निकाल त्याच्या तीन वर्षे आधीच, २४ ऑगस्ट २०१७ रोजी आलेला होता, हे विशेष.

नंबरवरून पत्ता मिळाला तर काय होऊ शकते, हे अमेरिकेने १९८९ मध्ये पाहिले. रेबेका शेफर या अभिनेत्रीचा पाठलाग करणाऱ्याने खासगी गुप्तहेरामार्फत कॅलिफोर्नियाच्या मोटार वाहन विभागातून तिचा पत्ता मिळवला आणि दारात तिचा खून केला. १९९४ मध्ये तिथे चालकांच्या माहितीच्या संरक्षणाचा संघीय कायदा झाला. आसनगाव स्थानकाबाहेर स्कूटी लावून रोज लोकलने जाणाऱ्या मुलीच्या दृष्टीने पाहिले की नावावरच्या ताऱ्यांची किंमत कळते.

दुसरा धोका उलट्या बाजूचा आहे. ‘तुमच्या गाडीचे चलान’ म्हणून व्हॉट्सॲपवर एपीके फाइल येते आणि ती उघडताच बँक खाते रिकामे होते. खरे चलान फाइल म्हणून येत नाही. ते राज्य वाहतूक पोलिसांच्या ई-चलान संकेतस्थळावर गाडीचा नंबर आणि चासी किंवा इंजिन क्रमांकाचे शेवटचे चार आकडे टाकून पाहता येते. पत्त्याच्या शेवटी ‘जीओव्ही डॉट इन’ आहे ना, एवढे तपासावे.

मग अपघातग्रस्ताने मालक कसा शोधायचा?

त्याच्यासाठी कायद्याने वेगळे दार ठेवले आहे. मोटार वाहन कायद्याच्या कलम १६० नुसार भरपाईचा हक्क सांगणाऱ्या व्यक्तीने मागणी केली आणि ठरलेले शुल्क भरले, तर आरटीओने किंवा पोलीस ठाण्याच्या प्रमुखाने आपल्याकडे असलेली वाहनाची माहिती आणि ते वापरणाऱ्याचे नाव-पत्ता द्यायचाच असतो. कलम १३३ नुसार त्या वेळी गाडी कोण चालवत होते हे पोलिसांना सांगणे मालकावर बंधनकारक आहे. म्हणजे अनोळखी ॲपला दोनशे रुपये देऊन मालकाचे नाव मिळवण्याची गरज नाही. गुन्हा नोंदवताना नंबर, किंवा आठवेल तेवढा नंबर, जबाबात लिहून घ्यायला लावणे जास्त महत्त्वाचे.

साक्षीदार मागे हटतात ते पोलीस ठाण्याच्या चकरांच्या भीतीने. २०१९ च्या दुरुस्तीने आलेले कलम १३४अ मदत करणाऱ्याला संरक्षण देते. जखमीला मदत केली म्हणून त्याच्यावर कारवाई होत नाही आणि नाव-पत्ता सांगण्याची सक्तीही त्याच्यावर नाही.

नंबर मिळाला किंवा नाही, भरपाईत किती फरक पडतो?

२०२२ मध्ये देशात ४,६१,३१२ रस्ते अपघात झाले. त्यातील ६७,३८७ ठोकर मारून पळून जाण्याचे होते आणि त्यांत ३०,४८६ माणसे गेली. एकूण अपघातांत दर शंभरामागे ३६-३७ मृत्यू, तर पळून गेलेल्या प्रकरणांत ४५. रस्त्यात पडून राहिलेल्याला मदत उशिरा मिळते, हे यामागचे एक उघड कारण.

गाडी अज्ञात राहिली तर कलम १६१ खाली १ एप्रिल २०२२ पासून लागू झालेली योजना आहे : मृत्यूसाठी दोन लाख आणि गंभीर दुखापतीसाठी ५० हजार रुपये. पूर्वी हेच आकडे २५ हजार आणि १२,५०० होते. गाडी सापडली, तर कलम १६४ खाली चूक कोणाची हे सिद्ध न करताही मृत्यूसाठी पाच लाख आणि गंभीर दुखापतीसाठी अडीच लाख मागता येतात. किंवा कलम १६६ खाली न्यायाधिकरणात पूर्ण दावा लावता येतो.

पूर्ण दाव्याचा हिशेब सर्वोच्च न्यायालयाच्या सरला वर्मा (२००९) आणि प्रणय सेठी (२०१७) या निकालांनी बांधून दिला आहे. समजा, २८ वर्षांचा मजूर महिना १२ हजार रुपये कमावत होता आणि पत्नी, दोन मुले, आई असे चौघे त्याच्यावर अवलंबून होते. वर्षाचे १,४४,००० रुपये. भविष्यातील वाढीचे ४० टक्के धरून २,०१,६००. स्वतःच्या खर्चाचा चौथा हिस्सा वजा करून १,५१,२००. या वयाला १७ ने गुणायचे, म्हणजे २५,७०,४०० रुपये. अंत्यविधी वगैरेंच्या ठरावीक रकमा वेगळ्या. मृताचीही काही चूक ठरली तर रक्कम कमी होते, गाडीला विमा नसेल तर वसुली मालकाकडून आणि म्हणून अवघड. तरीही अज्ञात गाडीच्या दोन लाखांशी याची तुलना होत नाही.

फौजदारी बाजूही नंबरवरच अडते. पळून जाणाऱ्या चालकाला दहा वर्षांपर्यंत शिक्षा सांगणारे भारतीय न्याय संहितेचे कलम १०६(२) जानेवारी २०२४ मधील ट्रकचालकांच्या आंदोलनानंतर बाजूला ठेवले गेले. १ जुलै २०२४ रोजी संहिता लागू झाली ती हे उपकलम वगळून. निष्काळजीपणाने मृत्यूस कारणीभूत ठरल्याची पाच वर्षांपर्यंतची शिक्षा आहेच, पण आरोपी ‘अज्ञात वाहनचालक’ असेल तर तीही कागदावर.

दोन लाखांसाठी अर्ज कुठे करायचा?

जो थोडा हक्क आहे तोही लोकांपर्यंत पोहोचत नाही. १२ जानेवारी २०२४ च्या निकालात सर्वोच्च न्यायालयाने नोंदवले, की २०२२ मधील त्या ६७,३८७ अपघातांसमोर योजनेखाली आलेले दावे होते फक्त २०५ आणि निकाली निघालेले ९५. न्यायालयाने तेव्हा पोलिसांवर जबाबदारी टाकली : गुन्हा नोंदल्यापासून महिनाभरात वाहनाचा तपशील मिळाला नाही, तर जखमीला किंवा वारसांना या योजनेची माहिती लेखी द्यायची आणि संबंधित दावा चौकशी अधिकाऱ्याचा संपर्कही कळवायचा. असे पत्र आले नसेल तर शहापूर, किन्हवली, वासिंद, कसारा, मुरबाड, टोकावडे यांपैकी ज्या ठाण्यात गुन्हा नोंदला असेल तिथे ते मागता येते.

दावा चौकशी अधिकारी म्हणजे तालुक्याचा तहसीलदार किंवा उपविभागीय अधिकारी. म्हणून अर्ज शहापूर किंवा मुरबाडच्या तहसील कार्यालयात न्यायचा. मंजुरी जिल्हाधिकाऱ्यांच्या पातळीवर होते. सोबत गुन्ह्याची प्रत, शवविच्छेदन अहवाल किंवा दुखापतीचे प्रमाणपत्र, ओळखीचा व वारसाचा पुरावा आणि बँक खात्याचा तपशील लागतो.

कलम १६६ च्या दाव्याला २०१९ च्या दुरुस्तीने अपघातापासून सहा महिन्यांची मुदत घातली आहे. ती १ एप्रिल २०२२ पासून लागू आहे आणि तिच्या वैधतेला सर्वोच्च न्यायालयात आव्हान दिले गेले आहे. तो वाद मिटेपर्यंत सहा महिन्यांच्या आतच अर्ज करणे शहाणपणाचे. दावा अपघात जिथे झाला तिथल्या, किंवा अर्जदार जिथे राहतो तिथल्या न्यायाधिकरणातही लावता येतो. आणि आधी अज्ञात वाहन म्हणून दोन लाख घेतले, नंतर एखाद्या साक्षीदाराला आठवलेल्या चार आकड्यांवरून गाडी सापडली, तरी पूर्ण दाव्याचा मार्ग बंद होत नाही. मिळालेले दोन लाख पुढे मंजूर होणाऱ्या रकमेतून वळते केले जातात.